आई-बाबांना घेऊन र्‍योकानमध्ये एक रात्र: जावं का, आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलमध्ये दहा दिवस जपानला जायचंय, बरोबर सत्तरीचे आई-बाबा. त्यातली एक रात्र गरम पाण्याच्या झर्‍यावरच्या जुन्या पद्धतीच्या सराईत, म्हणजे र्‍योकानमध्ये काढायची इच्छा आहे. भाडं माणशी ३०,००० येनच्या घरात. आई अंडंसुद्धा खात नाहीत, बाबांचे गुडघे धरलेले, आणि परक्या माणसांसमोर कपडे उतरवून आंघोळ करायची हे ऐकूनच घरात सगळ्यांचे चेहरे पडलेत. एवढे पैसे घालावेत का?

घालावेत. मी आधी काही वर्षं दुभाषी होते आणि गेली अठरा वर्षं पुण्या-मुंबईची मंडळी घेऊन जपानला जाते. या एका रात्रीवरून नाराज झालेली माणसं मी पाहिली आहेत, पण त्यातल्या बहुतेकांचं एकच चुकलं होतं. त्यांनी र्‍योकानला हॉटेल समजून बुकिंग केलं आणि हॉटेलसारखंच ते वापरलं.

(उच्चाराबद्दल एक. इंग्रजीतून वाचणारे ‘रायोकान’ म्हणतात, हिंदीवाले ‘रियोकान’. आपल्याला तो त्रास नाही. दर्‍याखोर्‍यांतला ‘र्‍य’ घ्यायचा आणि त्याला ओकार द्यायचा, झालं.)

हॉटेलात दिवसभर भटकून रात्री दहाला नुसतं पाठ टेकायला गेलात तरी काही बिघडत नाही. र्‍योकानचं घड्याळ मात्र त्याचं त्याचं असतं. दुपारी तीनला खोली मिळते, संध्याकाळी सहा-साडेसहाला जेवण, सकाळी आठच्या सुमाराला न्याहारी, दहाला निरोप. माणशी ३०,००० येन जातात ते या एकोणीस तासांचे. त्यात दोन जेवणं आली, हवी तितक्या वेळा आंघोळ आली. शिवाय आंघोळीचा कर म्हणून माणशी साधारण १५० येन वेगळे लागतात. आणि आकडा माणशी असतो, खोलीचा नसतो, हे नीट वाचा. खोलीचं भाडं समजून चौघांची नोंदणी करणारे आणि हिशेब बघून घाम फुटणारे दर मोसमात एक-दोन तरी भेटतात.

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे. टोकियोजवळच्या हाकोनेला एक ग्रुप नेला होता. शनिवार होता, रोपवे बघून झाला, तळ्यातली बोट झाली, तरी कोणीतरी म्हणालं, अजून एक दुकान बघू. घाटात वाहनांची रांग लागलेली. आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. त्या र्‍योकानच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या, वाकून नमस्कार केला, चेहर्‍यावर राग नव्हता. पण जेवण संपलं होतं. संपलं म्हणजे, बारा माणसांचं ताट सहा वाजता लावून तयार होतं आणि आठला स्वयंपाकघर बंद झालं होतं. आमच्या मंडळींनी खोलीत बसून चिवडा खाल्ला आणि परत येताना सगळ्या बसमध्ये ‘एवढे पैसे घेतात आणि जेवायलासुद्धा देत नाहीत’ हा जप चालू होता. चूक आमची होती, म्हणजे माझीच. तेव्हापासून र्‍योकानच्या दिवशी मी दुपारी दोननंतर काहीच ठेवत नाही.

तर त्या दिवशी तीन, फार तर चारपर्यंत पोचा. मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका. जपानमध्ये ताक्क्यूबिन म्हणून सामान पोचवणारी सेवा आहे. सकाळी टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की साधारण दुसर्‍या दिवशी ती क्योतोच्या हॉटेलात हजर असते. तुम्ही एका रात्रीपुरती पिशवी घेऊन मोकळे. बाबांच्या गुडघ्यांसाठी हे एक काम केलंत तरी निम्मा त्रास वाचेल, कारण अशा गावांत चढउतार फार आणि तातामीवरून, म्हणजे खोलीत अंथरलेल्या गवती चटयांवरून, चाकांची बॅग ओढायची नसते.

आत शिरताना चपला-बूट दारातच राहतात. पुढे लाकडी मार्गिकेत वापरायला सपाता मिळतात, खोलीतल्या तातामीवर त्याही नाहीत, अनवाणी किंवा मोज्यांनी चालायचं. संडासाच्या दारात वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात, त्या तिथल्या तिथे. आमच्या एका काकांनी त्याच घालून थेट जेवणाच्या दालनात एंट्री घेतली होती. सगळ्या नाकाईसान, म्हणजे तिथल्या वाढणार्‍या बायका, तोंडावर हात धरून उभ्या. हसू आवरतही नव्हतं आणि हसता येतही नव्हतं. आपल्याकडे न्हाणीघरातली चप्पल घालून कोणी पाटावर येऊन बसावं, तसंच ते.

खोलीत भिंतीला एक कोनाडा असतो, चित्र आणि एखादं फूल ठेवलेला. तिथे बॅग ठेवू नका. टेबलावर चहा आणि एक छोटा गोड पदार्थ असतो, तो मात्र खा. उपाशीपोटी गरम पाण्यात उतरलं की काहींना गरगरतं, म्हणून तो आधी द्यायचा रिवाज आहे. मग युकाता घाला, म्हणजे तो सुती झगा. उजवी कड आधी अंगाला, डावी तिच्यावर. उलटं केलंत तर लगेच कोणीतरी नम्रपणे येऊन दुरुस्त करेल, कारण उजवी कड वर घेऊन फक्त मयताला नेसवतात.

आता आंघोळ, जिच्यामुळे घरात बैठका चालू आहेत.

बायका आणि पुरुष यांची कुंडं वेगळी असतात. मिश्र कुंडं काही जुन्या गावांत आहेत, पण चुकून तुमच्या वाट्याला येणार नाहीत. पोहण्याचा पोशाख चालत नाही. पाण्यात काहीच न घालता उतरायचं. पण ‘सगळ्यांसमोर’ हा शब्द जरा मोठा आहे. साडेतीन वाजता गेलात तर बर्‍याचदा तुम्ही एकटेच असता. असलीच तर दोन-तीन माणसं, आणि त्यांतलं कोणी मान वर करून बघत नाही. मी कितीतरी बायकांना पहिल्यांदा दारात थबकलेलं पाहिलंय आणि त्याच बायकांना रात्री अकराला ‘तुम्ही झोपा, मी परत जाऊन येते’ म्हणताना ऐकलंय. तरीही नको असेल तर नको. बर्‍याच ठिकाणी कुटुंबासाठी छोटं कुंड तासाभराच्या बोलीवर मिळतं, त्याला काशिकिरी-बुरो म्हणतात. कुठे फुकट, कुठे दोन-तीन हजार येन. आत कडी लावून घ्यायची, आई-बाबा दोघंच. बुकिंग करतानाच याची चौकशी करा, कारण तिथे पोचल्यावर संध्याकाळच्या चांगल्या वेळा गेलेल्या असतात.

कृती सांगते, कारण खरी भीती बहुतेकांना उघडं होण्यापेक्षा तिथे जाऊन चुकण्याची असते. बाहेरच्या खोलीत वेताच्या टोपलीत सगळे कपडे. हातात फक्त छोटा पंचा. आत गेलं की भिंतीला ओळीने नळ, प्रत्येकापुढे वीतभर उंचीचं स्टूल आणि एक बादलीवजा भांडं. त्या स्टुलावर बसायचं (उभं राहून शॉवर घेतला की शेजारच्यावर पाणी उडतं) आणि साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची. अगदी दिवाळीच्या पहाटेसारखी, कानामागे, टाचा, सगळं. साबणाचा थेंब राहू द्यायचा नाही. स्टूल आणि भांडं धुऊन जागेवर ठेवायचं. आंघोळ इथे संपली. कुंडात जाताना तुम्ही आधीच स्वच्छ असता. गणेशपुरीच्या किंवा उन्हवर्‍याच्या कुंडात आपण अंग धुवायला उतरतो. इथे धुऊन झाल्यावर उतरतात, आणि त्या पाण्यात साबण, मळ, पंचा काहीही जाता कामा नये. पंचाची घडी डोक्यावर ठेवतात, म्हातारे आजोबा तशी घडी ठेवून डोळे मिटून बसलेले दिसतील. लांब केस वर बांधून घ्यायचे.

पाणी साधारण ४० ते ४२ अंश. ‘आम्ही घरी कडकडीत पाणी घेतो’ असं बाबा म्हणतील. पण बादलीतलं पाणी अंगावरून वाहून जातं, इथे गळ्यापर्यंत बसायचं असतं. फरक दुसर्‍या मिनिटाला कळतो. आधी पाय, मग कंबर, जरा थांबून छाती. पहिल्या वेळी पाच-सात मिनिटं पुरेत. बाहेर येताना कठडा धरून हळू उठायचं, कारण चक्कर येते ती उठताना. मग भरपूर पाणी प्यायचं. जेवणानंतर लगेच किंवा साके, म्हणजे तिथली तांदळाची दारू, घेऊन उतरायचं नाही. बाबांना रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि कुंडात त्यांना एकटं सोडू नका.

आता दोन गोष्टी खास आपल्या मंडळींसाठी. पहिली, चांदी. गंधक असलेल्या पाण्यात चांदी काळी पडते. आमच्या एका मावशींची जोडवी हाकोनेत एका आंघोळीत कोळशासारखी झाली आणि त्या बिचार्‍या रात्रभर अपशकुन म्हणून अस्वस्थ. अपशकुन नाही, सल्फाइड आहे, पुण्यात सोनाराने पाच मिनिटांत उजळून दिली. तरी जोडवी, पैंजण, मंगळसूत्र खोलीतल्या तिजोरीत ठेवून जाणं बरं. दुसरी, गोंदण. जपानमध्ये अंगावरची चित्रं म्हणजे गुंडांची टोळी, ही जुनी सांगड अजून सुटलेली नाही. २०१५ मध्ये तिथल्या पर्यटन खात्याने केलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त ठिकाणांनी गोंदवलेल्यांना मज्जाव असल्याचं सांगितलं होतं. आईंच्या हातावर तुळशीवृंदावन असेल तर तिथे कोणी त्यांना गुंड समजणार नाही, पण नियम तो नियम. छोटं असेल तर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी मिळते. नाहीतर कुटुंबाचं कुंड आहेच.

कुंडाच्या दारावर पडदा असतो, बायकांचा बहुधा लाल, पुरुषांचा निळा. त्याच्या जागेवर विसंबू नका. पुष्कळ ठिकाणी रात्रीतून दोन्ही कुंडांची अदलाबदल करतात, म्हणजे पाहुण्यांना दोन्हीकडचा देखावा मिळावा. संध्याकाळी डावीकडे गेला होतात म्हणून पहाटे झोपेत डावीकडे शिरलात तर आरडाओरडा ठरलेला. पडद्यावरचं अक्षर बघा: वरच्या भागात चार खणांची चौकट दिसली तर ते पुरुषांचं. चौकट नसेल तर बायकांचं.

पाण्याबद्दल थोडं, कारण जाहिराती फसव्या असतात. १९४८ च्या कायद्यानुसार झर्‍याचं पाणी उगमाशी २५ अंश किंवा जास्त असेल, किंवा नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेसा असेल, तर त्याला ओनसेन म्हणता येतं. म्हणजे थंड पाणी तापवूनही ओनसेन होतं, आणि तेच पाणी गाळून पुन्हा फिरवलेलंही चालतं. उगमातून सरळ येऊन वाहून जाणारं पाणी हवं असेल तर ‘गेनसेन काकेनागाशी’ हे शब्द शोधा. कपडे बदलायच्या खोलीत पाण्याच्या तपासणीचा तक्ता लावलेला असतोच, तो लावणं सक्तीचं आहे. कुसात्सू या गावचं पाणी इतकं आम्लधर्मी की सामू दोनच्या आसपास. नाजूक कातडी असेल तर बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवा. सौम्य पाण्याला तशी गरज नाही, तसंच टिपून घ्यायचं.

जेवण. तुमच्या बाबतीत खरा घोळ इथे होऊ शकतो.

‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहून पाठवलंत तर ताटात मटण नसेल, मासाही दिसणार नाही, पण तरीही मासा असेल. दाशी नावाचा जो अर्क त्यांच्या स्वयंपाकात सगळीकडे असतो, तो बहुधा कात्सुओ नावाच्या माशाच्या सुकवलेल्या ठोकळ्याच्या किसापासून काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेल्या सूपात तो, उकडलेल्या भाजीत तो, तेंपुराच्या, म्हणजे त्यांच्या भज्यांच्या, चटणीत तो, आणि तेंपुराच्या पिठात वर अंडं. एका ठिकाणी आमच्या एका आजींपुढे सुंदर भाजलेलं वांगं आलं, वर तांबूस पातळ कागदासारख्या चकत्या. वाफेने त्या हलत होत्या, वळत होत्या, जिवंत असल्यासारख्या. आजी कौतुकाने मला म्हणाल्या, ‘बघ गं, कशी नाचतायत.’ कसल्या आहेत ते सांगायचा मला धीर झाला नाही, मी नुसतं ताट बदलून घेतलं.

म्हणून काय खात नाही त्याची यादी द्या, आणि दोन आठवडे तरी आधी द्या. ऐन वेळी सांगून काही होत नाही, कारण स्वयंपाकी भाजी-मासळी माणसं मोजून आणतो. हे वाक्य तसंच्या तसं फोनवर म्हणा किंवा कोणाकडून जपानीत लिहून घ्या: ‘निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बु तो शिइताके नो दाशी वा दाइजोबु देसु.’ मटण, मासा, अंडं खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, समुद्रातल्या कोम्बुची आणि शिइताके अळंब्यांची चालते. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. नुसते नकार ऐकून स्वयंपाकी हात टेकतो, पर्याय दिला की त्याला वाट दिसते. शिवाय ही दाशी त्याला ओळखीची असते, बौद्ध मठांतलं सगळं रांधणं तिच्यावरच चालतं.

‘आम्हाला जमणार नाही’ असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते प्रामाणिक उत्तर आहे. दुसरं र्‍योकान बघा, किंवा ‘सुदोमारी’ म्हणजे बिनजेवणाची खोली घ्या. स्वस्तही पडते. मला विचाराल तर ‘हो हो, बघू’ म्हणणार्‍यापेक्षा नाही म्हणणारा परवडला.

जमलं तर मात्र जेवण लक्षात राहील असं असतं. दहा-बारा छोट्या वाट्या, एकामागून एक. तिळाचं घट्ट तोफू, सोयादुधाची साय, मिसो लावून भाजलेलं वांगं, रानभाज्या. एप्रिलमध्ये बांबूचे कोवळे कोंब, आपण पावसाळ्यात वास्ते खातो ना, त्याच जातीचे. तिखट-मीठ कमी, चवी हळू. आपली माणसं सगळा वेळ भाताची वाट बघत असतात आणि भात येतो सगळ्यांच्या शेवटी, सूप आणि लोणच्याबरोबर, आपल्या पंगतीतल्या ताकभातासारखा. तो आला की जेवण संपलं समजा. तांदूळ आखूड, चिकट, इंद्रायणीच्या जवळचा. आईंच्या पिशवीत मेतकुटाची पुडी असू द्या. चारचौघांत डबे उघडून मांडू नयेत, पण न्याहारीच्या वेळी भातावर चिमूटभर मेतकूट घातलं तर कोणी काही म्हणत नाही. एका नाकाईसाननी तर वास घेऊन मला नाव लिहून मागितलं होतं.

बाबांसाठी: ‘वायोशित्सु’ मागा. खोलीचा एक भाग तातामीचा आणि दुसर्‍यात पलंग असतो. नुसत्या जपानी खोलीत तुम्ही जेवायला गेलात की कोणीतरी येऊन जमिनीवर गाद्या घालून जातं, आणि धरलेल्या गुडघ्यांना पहाटे त्यावरून उठणं हीच शिक्षा. जेवायला टेबल-खुर्ची आहे का तेही विचारा, बहुतेक ठिकाणी आता असते.

कुठलं गाव? टोकियोहून हाकोने सोपं, शिंजुकूवरून रोमान्सकार नावाच्या आगगाडीने दीड तासाच्या आत. खोल्या पुष्कळ, इंग्रजी चालतं, गर्दीही तेवढीच. पण क्योतोला जाणारच आहात तर मी किनोसाकी सुचवेन, तिथून गाडीने अडीच तास. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि र्‍योकानच्या पाहुण्यांना त्यातली चालू असलेली सगळी खुली. तिथले लोक म्हणतात की आमचं अख्खं गाव हेच एक र्‍योकान: स्टेशन हे दार, रस्ते म्हणजे मार्गिका, र्‍योकानं म्हणजे खोल्या. संध्याकाळी सगळे युकाता घालून, लाकडी खडावा वाजवत नदीकाठाने या स्नानगृहातून त्या स्नानगृहात फिरत असतात. गाव सपाट आहे, बाबांना झेपेल. या सातही ठिकाणी गोंदणाला हरकत नाही. हिवाळ्यात मात्र शाकाहारी माणसाने तिकडे फिरकू नये, नोव्हेंबर ते मार्च तिथे खेकड्याशिवाय कोणी काही बोलत नाही. तुम्ही एप्रिलमध्ये जाताय, तेव्हा ते संपलेलं असेल आणि नदीकाठी चेरी असेल, लवकर गेलात तर.

दोन रात्री घेऊ नका. दुसर्‍या दिवशी तेच जेवण जड जातं. सहलीची शेवटची रात्रही नको, विमानाच्या धास्तीत कोणी शांत बसत नाही. मधली घ्या. टिप द्यायची नाही.

शनिवारचं भाडं जास्त आणि खोल्या आधी संपतात, तेव्हा मंगळवार-बुधवार बघा. २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांच्या सलग सुट्ट्या असतात, ते दिवस पूर्ण टाळा. आणि खोली पक्की करण्याआधी जेवणाचं ते वाक्य पाठवा, उत्तर येऊ द्या, मग पैसे भरा.